तोंड तिचं, आवाज दुसरीचा

मी एका बाईच्या तोंडातला आवाज काढून टाकला आणि तिथे दुसऱ्या बाईचा बसवला. चांगला अख्ख्या सिनेमाभर. आणि हे करताना त्या बाईला एका शब्दाने विचारावं, हे मला सुचलं नाही. आयुष्यात मी गाढवपणे पुष्कळ केले आहेत, हवं तर माझी मुलगी कामोठ्याहून रिक्षाने येऊन तुम्हाला सांगेल. म्हणजे आली तर. पण हा पहिल्या नंबरचा.

आधी मी कोण ते सांगते, कारण तुम्ही माझं नाव ऐकलेलं असण्याची काही भीती नाही. मी सिनेमाची दिग्दर्शिका. स्वतंत्र दिग्दर्शिका, असं म्हणायची पद्धत आहे. स्वतंत्र म्हणजे जिला कोणी बोलावत नाही आणि जिला कोणी थांबवूही शकत नाही. खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहते. आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा समज आहे की मी पूर्वी मालिकांमध्ये सासूची कामं करायचे. मी तो दूर केलेला नाही. त्यामुळे पार्सल वर आणून मिळतं.

लग्नाआधी मुंबईत एका दिग्दर्शकाच्या हाताखाली होते. नायिकेचा पदर मघाशी कुठल्या खांद्यावर होता आणि कपात चहा कुठवर होता, हे लक्षात ठेवायचं माझं काम. लग्न झालं, पनवेलला आले. नवरा तळोज्याच्या कारखान्यात, मुलगी शाळेत, आणि मी सरकारी खात्यांसाठी माहितीपट करायला लागले. बिनधुराची चूल, पोटातले जंत, सांडपाणी जिरवायचा शोषखड्डा. शोषखड्ड्याभोवती मी कॅमेरा इतका हळुवार फिरवला होता, की जणू त्यात कोणी राजकन्या पडली आहे. बघून झाल्यावर साहेब म्हणाले, "बाई, खड्डा छान आलाय. पण तो शोषतोय ते कुठे दिसत नाही."

पुढे कॅमेरे लहान झाले, कोणालाही परवडायला लागले, तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. तेव्हाची ती मी, तरुण. पन्नाशीच्या बाईला तरुण म्हणण्यासाठी माझ्या आत्ताच्या वयाला यावं लागतं. खादीचा कुर्ता, बोटांत चांदीच्या जाडजूड अंगठ्या, आणि गळ्यात दोरीने अडकवलेली एक फ्रेम बघायची काच, जिची त्या नव्या कॅमेऱ्याला काडीची गरज नव्हती. घरी जेवताना नवऱ्याने मीठ मागितलं की मी दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्याच्याकडे बघायची. तो बिचारा चौकटीतच जेवायचा. सिनेमा पुरा व्हायच्या आधीच तो गेला. त्याने माझ्या कामाबद्दल कधी तक्रार केली नाही. प्रश्नही विचारला नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तर सिनेमा. एक कोळीण धक्क्यावर कोणाची तरी वाट बघते. कोणाची, ते शेवटपर्यंत कळत नाही. कारण मलाही माहीत नव्हतं. मुलाखतीत मी सांगायची, की ते मी प्रेक्षकांवर सोडलंय. प्रेक्षकांनीही ते सोडून दिलं.

कोळणीच्या कामासाठी मुंबईच्या नट्या बघितल्या. सगळ्या मासळीच्या टोपलीकडे अशा बघायच्या, की टोपलीलाच अवघडल्यासारखं व्हावं. मग एकदा पनवेलच्या मासळी बाजारात एका बाईसमोर मी उभीच राहिले. माझ्यापेक्षा थोडी लहान असेल. उरणच्या बाजूच्या, खाडीकाठच्या गावातून यायची. ती एका गिऱ्हाइकाला जिताडा कापून देत होती आणि त्याच वेळी शेजारणीशी भांडत होती, आणि दोन्हीकडे वेगळा चेहरा होता. मी गळ्यातली काच डोळ्याला लावली.

"काय बगतंस गो मगापासून?" ती म्हणाली. "मासं टोपलीत हायत. माज्या तोंडावर नाय."

"मी सिनेमा करतेय. तुम्ही त्यात काम कराल का?"

"कसलं काम?"

"मासे विकायचं."

"त्ये तर करतंच हाय. तू त्यात काय येगलं करनार?"

मी अर्धा किलो बोंबील घेतले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले.

तिला पटवायला मी बरेच दिवस मासे खाल्ले. शेवटी ती तयार झाली ती एका अटीवर. तिची आई तिच्याकडेच असायची, फार म्हातारी, डोळे पार गेलेले. "म्हातारीनं जल्मात सिनेमा नाय बगला. आता तर दिसाचं बी नाय. पन आयकल ती. मी बोलतंय त्ये तिनं आयकलं पायजे. मंग मी येतंय."

मी म्हणाले, "नक्की." इतक्या सहज म्हणाले, जसं आपण कोणाला एकदा घरी या म्हणतो.

शूटिंग चालू झालं. धक्क्यावर वारा, मागे बोटींची इंजिनं, त्याच्या पलीकडे बंदराकडे जाणारे कंटेनर. ती कॅमेऱ्यासमोर अजिबात बिचकली नाही, पण लिहिलेलं वाक्य तिने एकदाही लिहिल्यासारखं म्हटलं नाही. मी 'अजून एकदा' म्हटलं की ती नवीनच काहीतरी बोलायची. मी कपाळावर हात मारायची. ती म्हणायची, "आगो, एकदा बोललेलं परत कोन बोलल? येडी हाय का ती?" ती म्हणजे सिनेमातली कोळीण.

दुपारी आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो. भात, सुक्या बोंबलाचं कालवण. ती मला तू म्हणायची. कोळणी सगळ्यांनाच म्हणतात, त्यात माझं काही विशेष नव्हतं. पण नवरा नुकताच गेला होता, मुलगी मला 'अगं आई' म्हणून चिडायची तेवढंच, आणि बाकी अख्ख्या पनवेलात मी मॅडम होते. त्या धक्क्यावर बसून कोणीतरी 'तू भात घे गो, रोडावलीस' म्हटलं, की मला घास गिळायला वेळ लागायचा. तिला वाटायचं काटा अडकला. ती पाठीत धपाटा घालायची.

संध्याकाळी तिच्या घरी जायचो तेव्हा म्हातारी उंबऱ्यावर बसलेली असायची. तिचा एकच प्रश्न. "आज काय बोलली माजी पोर?" मग पोर त्या दिवसाचे संवाद तिला म्हणून दाखवायची, अर्थात पुन्हा तिसऱ्याच शब्दांत, आणि म्हातारी बोळकं उघडून हसायची. मी घड्याळ बघायची. मला प्रकाश गेल्याचं दुःख असायचं. चौकटीत तिथे काहीच नव्हतं ना माझ्या मते.

शूटिंग संपलं. मी एडिटिंगला बसले आणि तिथे मला शहाणपण सुचलं. धक्क्यावरच्या आवाजात वारा फार होता, हे खरं. इंजिनंही होती. पण खरं कारण ते नव्हतं. सिनेमा मी एका जाणकाराला दाखवला होता, महोत्सवांसाठी सिनेमे निवडणारा माणूस. तो म्हणाला, तुमच्या बाईचा चेहरा फार बोलका आहे, पण ती काय बोलते ते पुण्याच्या पुढे कोणाला कळणार नाही. पनवेल पुण्याच्या कुठल्या बाजूला येतं, हे तरी मी त्याला विचारायला हवं होतं. मी मान डोलावली. चाळीस वर्षांची असते तर निदान रात्रभर रागावून जागले असते. पन्नाशीला मला परदेशी जायचं होतं.

डबिंग करायचं ठरवलं. म्हणजे बंद खोलीत पडद्यावर आपलं चित्र बघत, ओठ हलतील तसं पुन्हा बोलायचं. पहिल्या दिवशी मी तिलाच बोलावलं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते. ती नवीन साडी नेसून आली. अंधारात तिच्या कानाला हेडफोन लावला, समोर ती स्वतःच उभी, आणि ती तिच्याशी बोलायलाच लागली. "आगो, पदर कसा धरलास तू, नीट धर." ओठ तिकडे, शब्द इकडे. अर्धा दिवस गेला आणि एक वाक्य जागेवर बसलं नाही. आम्ही सगळे पोट धरून हसलो, तीही हसली. मी म्हणाले, परत बोलावते. आणि मुंबईहून एक नाटकातली नटी आणली. तिचा आवाज घोटलेला, शब्द धुऊन वाळत घातल्यासारखे. दोन दिवसांत काम झालं. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. किती सुंदर झालंय, असं मला वाटलं.

कोळणीला मी कळवलं नाही. मला वाटलं, तिला काय समजणार आहे. सिनेमात आवाज असाच येत असेल, असं वाटेल तिला. म्हातारीबद्दल दिलेला शब्द? तो मला आठवत होता का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. आठवत होता. मी त्याला फक्त मागच्या रांगेत बसवलं होतं.

परदेशातल्या एका महोत्सवात सिनेमा निवडला गेला. तिकडे जायच्या आधी कोळणीच्या गावात खेळ लावायचा, ही माझीच हौस. देवळासमोर पडदा बांधला. दिवेलागणीला सगळा गाव जमला, बोटीवरचे पुरुषही आले. म्हातारीला पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, तिला इस्त्रीची साडी नेसवली होती आणि केसांत फूल. शेजारी तिची पोर. त्यांच्यामागे मी, ठेवणीतला खादीचा कुर्ता घालून, कौतुक झेलायच्या तयारीत.

सिनेमा सुरू झाला. पडद्यावर कोळीण आली, लोकांनी शिट्ट्या मारल्या. कोळणीने तोंड उघडलं, आणि त्यातून ती नाटकातली बाई बोलायला लागली.

पहिल्यांदा लोक हसले. माझ्यापुढे बसलेली कोळीणही हसली, मान खाली घालून. म्हातारीने कान टवकारले. थोड्या वेळाने तिने पोरीचा हात चाचपला.

"तू कवा बोलतंस गो?"

"बोलतंय ना आये. ती मीच हाय."

"ती तू नाय. ती शालंतली बाय बोलते."

"मीच हाय आये. मशीनमंदी तसा येतो आवाज."

ती माझ्यासाठी खोटं बोलत होती, हे मला मागे बसून ऐकू येत होतं. म्हातारीने मान हलवली आणि वाट बघायला लागली. पुढचा सगळा सिनेमा ती पुढे झुकून, कान पडद्याकडे करून बसली होती. मधेच विचारायची, "आता?" पोर म्हणायची, "आता येल." एक बाई दुसऱ्या कोणाची तरी वाट बघते, असा सिनेमा मी केला होता, आणि खरी वाट बघणारी माझ्यापुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीत होती. हे मला आज दिसतं. तेव्हा मी पडद्याचा कोपरा वाऱ्याने हलतोय म्हणून वैतागले होते.

खेळ संपला. म्हातारीने मला बोलावलं, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि अगदी अदबीने म्हणाली, "बाय, झ्याक झाला आसंल सिनेमा. पुडल्या टायमाला आमच्या पोरीला बी बोलाया द्या."

मी तिला वारा, इंजिन, तांत्रिक अडचण, असं काहीतरी सांगितलं. मला आठवतं, मी 'तांत्रिक' हाच शब्द वापरला.

महोत्सवात आमचा खेळ दुपारी होता. प्रेक्षागृहात मोजकी माणसं, त्यातलं एक घोरत होतं. नंतर एक उंच बाई येऊन मला म्हणाली, की तुमच्या नायिकेचा आवाज काय विलक्षण आहे, तसा आवाज खऱ्या माणसातच सापडतो. मी थँक्यू म्हणाले. त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र माझ्याकडे गीझरजवळ टांगलेलं आहे, वाफेने त्यावरचा शिक्का पसरलाय.

परत आल्यावर बाजारात कोळणीकडे गेले. तिने मान वर करून पाहिलं आणि म्हणाली, "या मॅडम. काय देऊ तुमाला?"

बस्स. तेवढंच. एकाही शब्दात राग नव्हता. निवडून मोठ्या कोळंबीचा वाटा दिला, मी भाव केला नाही, तिनेही नाही. वर थोडी कोथिंबीर घातली. अपमान करायला लोक ओरडतात ते माझ्यासारखे अर्धवट. तिने मला 'तुमी' केलं आणि मी घरी येऊन ती कोळंबी फ्रीजमध्ये ठेवली ती ठेवलीच.

मग मी बाजाराची दुसरी बाजू धरली. तिकडून मासे घ्यायचे, ती दिसणार नाही असे. काही वर्षांनी तिथल्याच एका विक्रेतीकडून कळलं की म्हातारी गेली. मी भेटायला जायला हवं होतं. रिक्षा स्टँडपर्यंत गेलेही. तिथे उभी राहून विचार केला, की काय म्हणून जाऊ, आणि परत आले. पुढचा सिनेमा मी केला नाही. म्हणजे दोन लघुपट केले, ते कोणी पाहिले नाहीत, मीही एकदाच. लोकांना सांगते, बाजार बदलला. मुलगी म्हणते, आई, तू इकडे राहायला ये. मी दोन दिवसांवर तिथे राहत नाही. तिच्या घरी शिकवणीची मुलं संध्याकाळभर पाढे म्हणतात, आणि ते थांबले की ती मला विचारते, आज काय केलंस. मला सांगण्यासारखं काही नसतं.

गेल्या वर्षी घराला रंग काढला, तेव्हा माळ्यावर जुन्या हार्ड डिस्कचा डबा सापडला. धक्क्यावरचा मूळ आवाज त्यात होता. सगळा. मी हेडफोन लावला.

आधी वारा. मग इंजिन. मग एक भयंकर बाई ओरडत होती, "शांतता. सगळ्यांनी शांतता. अजून एकदा, आणि या वेळी मनातून." मनातून म्हणजे नक्की कुठून, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं, हे मी खात्रीने सांगू शकते. ती इतक्या सूचना देत होती, की दोन सूचनांच्या मधल्या फटीत कोळणीला बोलावं लागत होतं. आणि मग ती बोलली.

सगळा उन्हाळा मी ते काम केलं. नटीचा आवाज काढायचा, हिचा बसवायचा. सॉफ्टवेअर नवं, डोळे जुने. नातीला विचारलं तर ती म्हणाली, "आजी, पण हे बघणार कोण?" मी म्हणाले, "तू नाही, एवढं नक्की." ओठ कुठे जुळले, कुठे नाही जुळले. वारा तसाच ठेवला. इंजिनंही. आता तिकडे भराव पडलाय, डोक्यावरून विमानं जायला लागलीत, त्या खाडीचा तो आवाज आता परत मिळणार नाही म्हणा. पण खरं सांगायचं तर खाडीसाठी मी काही केलं नाही. दिवसभर घरात ती बोलायची, मला बरं वाटायचं. कट म्हटल्यानंतरही मशीन चालू राहिलेलं होतं पुष्कळदा. त्यात ती कोणाला तरी सांगतेय, "ही बाय जेवल कवा कोन जाने. हिला घरी कोन इचारनारं हाय की नाय?" मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मग जेवायला बसले.

काम झालं तेव्हा लॅपटॉप पिशवीत घातला आणि रिक्षा केली. या वेळी स्टँडवर थांबले नाही.

ती आता बाजारात बसत नाही, सून बसते. घराच्या उंबऱ्यावर होती, तिची आई बसायची त्याच जागी, जाळ्याचा गुंता सोडवत. केस पार पांढरे. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मॅडम. या. बसा. तुमी कशा इकडं?"

मी काही भाषण तयार करून नेलं होतं. माझ्या सगळ्या संवादांसारखंच ते लांब होतं. त्यातलं काहीच म्हटलं नाही. लॅपटॉप उघडून तिच्यासमोर ठेवला, हेडफोन तिच्या कानाला लावला आणि चालू केला.

पडद्यावर ती धक्क्यावर उभी. तोंड उघडलं. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त तिचे ओठ दिसत होते, पडद्यावरचेही आणि समोरचेही. तिने जाळं मांडीवरून खाली ठेवलं. एक हात हेडफोनवर दाबून धरला. थोडी पुढे झुकली, मान वळवून, कान पडद्याकडे करून. अशी बसलेली बाई मी आधी एकदा पाहिली होती, मागून.

मी तिच्या तोंडाकडे बघणं सोडून अंगणातल्या कोंबडीकडे बघायला लागले. मग तिने माझ्या गुडघ्यावर हात मारला. कानावर हेडफोन असल्यामुळे ती सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

"परत लाव गो. मी कुटं बोलतंय, ही तर माज्या तोंडातून आमची म्हातारी बोलते. आता तिला जाऊन कोन सांगल, आये, तू सिनेमात हायस म्हनून?"